पान लागलं

घरातून बाहेर पडताना मी अजूनही दारातून दोनदा मागे फिरतो. पिशवीत कापूस आहे का, पट्टी आहे का, कात्री आहे का. बायको म्हणते, "भाजी आणायला निघालाय, लढाईला नव्हे." तिचं बरोबर आहे. पण तरुणपणी एका सकाळी माझ्या हातात औषधांची भरलेली पेटी होती, समोर एक माणूस मरायला टेकला होता, आणि मी त्याला लिंबू-साखरेचं पाणी पाजत बसलो होतो. तेव्हापासून माझं हे असं झालं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर जिल्ह्यातल्या विहिरींची सरकारी पाहणी सुरू झाली आणि तिच्यात मला नोकरी लागली. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सोलापुरात वडील मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीतही तेलुगूच. मराठी मी शिकलो ती नगरपालिकेच्या शाळेत, फळ्यावरून. आमचे गुरुजी एका वेलांटीसाठी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझी मराठी त्यांच्यामुळे शुद्ध झाली. शुद्ध मराठी आली म्हणजे मराठी आली, असं मी तेव्हा समजत होतो.

कामाला आम्ही चौघे होतो. मी, जीपचे ड्रायव्हर आणि दोन खलाशी. खलाशी म्हणजे विहिरीत टेप सोडणारे, नमुन्याच्या बाटल्या भरणारे, सामान उचलणारे. थोरल्या खलाशांना सगळे मामा म्हणायचे. त्यांचं वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव दक्षिण सोलापुरातलं. धाकटे खलाशी त्यांच्या बायकोचे भाऊ. ते मामांना दाजी म्हणायचे, म्हणून आम्ही सगळे त्यांना पाव्हणे म्हणायचो. ड्रायव्हर सोलापूरचेच, केस पिकलेले, घरची भाषा दखनी. ते चाचा. आमचे मोठे साहेब आठवड्यातून एकदा येऊन वह्या बघून जायचे. बाकीचे दिवस मी बावीस वर्षांचा पोरगा या तिघांचा साहेब होतो. ते तिघेही माझ्यापेक्षा खूप काही जाणत होते. हे मला कळत होतं, आणि त्यानेच मी बेचैन असायचो.

अक्कलकोटच्या पुढे, जिथे माणसं एका वाक्यात मराठी आणि कानडी दोन्ही बोलतात, तिथल्या गावांत आम्ही फिरायचो. कुठे शाळेच्या ओसरीवर, कुठे देवळात मुक्काम. दवाखाना पंधरा-वीस मैलांवर, आणि तिथे डॉक्टर असेलच असं नाही.

ऑफिसने निघताना एक पत्र्याची पेटी दिली होती. वर लाल फुली. उघडली तर आत आयोडीनची वाळलेली बाटली आणि कसर लागलेली एक पट्टी. कॉलेजात मी प्रथमोपचाराचा वर्ग केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं. त्यामुळे ती पेटी माझी झाली. मी ती भरायला घेतली ती भरतच राहिलो. कापसाचे गुंडाळे, त्रिकोणी पट्ट्या, जांभळं औषध, भाजल्यावर लावायचं मलम, बांबूच्या कामट्या, बांधायला रबरी नळी, नवं ब्लेड, बॅटरी, शिट्टी, मेणबत्ती, दोराचं बंडल, साखर, लिंबं. आईने जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून, उकळून, वाळवून दिल्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी दिलेल्या मापात एक सूतभर फरक नव्हता.

"बाबू," चाचा पेटी उचलून बघत म्हणाले, "तू पानी नापने कू आया, के ऑपरेशन करने कू?"

"साहेब, हितं भाकरी बी ठेवा की," मामा म्हणाले. "लई जागा हाय."

रोज संध्याकाळी मी पेटी उघडून सगळं बाहेर काढायचो आणि पुन्हा आत लावायचो. त्याशिवाय मला झोप येत नसे. झाकणाच्या आतल्या बाजूला मी एक कागद चिकटवला होता. सुवाच्य अक्षरात, वर रेघ मारून: 'सर्पदंश'. खाली पायरी-पायरीने काय करायचं ते. पहिल्याच मुक्कामात मी तिघांना समोर बसवून तो वाचून दाखवला. "सर्पदंश झाल्यास मला ताबडतोब कळवायचं," मी म्हणालो. पाव्हणे मान डोलवत होते. मामांनी मात्र तोंड फिरवलं.

"साहेब, दिवस मावाळताना त्येचं नाव काडू नये," ते म्हणाले.

मला वाईट वाटलं. एवढ्या शहाण्या माणसाची ही समजूत. मी ठरवलं, सावकाश समजावून सांगू.

समजावून सांगायला मामांच्या बाबतीत आणखीही एक गोष्ट होती. ते पान-तंबाखूचे भारी शौकीन. कमरेला चंची बांधलेली. ती ते झोपतानाही सोडत नसत आणि गालात तंबाखूचं पान धरूनच आडवे व्हायचे. "एक दिवस हे पान तुम्हाला बाधेल," असं मी त्यांना दोन-तीनदा बजावलं होतं.

ती सकाळ एका शाळेच्या ओसरीवरची. मी ऑफिसच्या खाटेवर झोपलो होतो. खाट एकच होती आणि ती साहेबाची. मामा आणि पाव्हणे खाली फरशीवर, चाचा जीपमध्ये. नुकतं फटफटत होतं. पाव्हण्यांनी मला हलवलं.

"साहेब, उटा. दाजीस्नी पान लागलंय."

त्यांचा आवाज अगदी हळू होता. मी उठून बसलो. मामा भिंतीला टेकून बसले होते. डोळे अर्धवट मिटलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाल लाळ गळत होती. पोटावर हात दाबून धरलेला.

"कधी?" मी विचारलं.

"पाहाटं. हातरुनातच."

हे मला ठाऊकच होतं. मी किती वेळा सांगितलं होतं.

"किती?"

"एकडावच वाटतंय."

"एकानं एवढं?"

"एक बास हाय की, साहेब," पाव्हणे म्हणाले, आणि माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिले.

मी मामांसमोर बसलो. "थुंकून टाका, मामा." त्यांनी प्रयत्न केला, पण थुंकता येईना. नुसती लाळ हनुवटीवर आली. मी ती पुसली. तंबाखू चढली की चक्कर येते, मळमळतं, पोटात कळ येते, हे मला माहीत होतं. कॉलेजात एका मित्राचं असं झालेलं मी पाहिलं होतं. त्याला लिंबू-साखर दिली होती.

पाव्हणे माझ्या कानाशी आले. "गावात मारुती हाय. देवळात न्यायाचं का?"

"पानासाठी कुणी देवळात नेतं का?" मी म्हणालो. मला जरा हसूच आलं.

"मंग तुमच्याकडं आवशद हाय?"

"आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर जो भरवसा आला, तो मला आजही दिसतो. शिकलेला माणूस आहे, घाबरला नाही, पेटी उघडतोय, म्हणजे याच्याकडे काहीतरी नवीन असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी जाऊन स्टोव्ह बाजूला केला, पाणी आणलं, तांब्या आणला. मी मामांना आडवं केलं, पायाखाली गाठोडं दिलं. मग लिंबू चिरलं, साखर ढवळली. साखर नीट विरघळेपर्यंत ढवळली. सगळं पद्धतशीर. झाकणावरचा माझा कागद माझ्या डोळ्यांसमोर उघडा होता.

मामांनी एक घोट घेतला. तो गिळला गेला नाही. पाणी नाकावाटे बाहेर आलं.

तेव्हा मी तांब्या खाली ठेवला. तंबाखूने असं होत नाही, एवढं मला कळत होतं. मग काय, ते कळत नव्हतं. मी उठलो, पुन्हा बसलो, नाडी बघितली, पेटीतल्या वस्तू वर-खाली केल्या. "थोडा वेळ पडू द्या," मी पाव्हण्यांना म्हणालो. मग स्वतःलाच ऐकू जाईल असं पुन्हा म्हणालो, "थोडा वेळ पडू द्या." असा किती वेळ गेला? उजाडून ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. पाऊण तास तरी नक्की.

चाचा शेतातून डबा घेऊन परत आले. "क्या हुआ इसकू?"

"तंबाखू जास्त झाली," मी म्हणालो.

"कौन बोल्या तंबाखू?"

"पान लागलंय त्येंला," पाव्हणे म्हणाले.

चाचांच्या हातातला डबा खाली पडला. "या अल्ला! बाबू, पान लग्या बोले तो साँप! साँप काट्या उसकू! तू लिंबू कायकू पिला रा?"

मी पाव्हण्यांकडे पाहिलं. ते मान हलवत होते. होय, तेच तर मी सांगितलं. साप म्हणायचं नसतं. चावला म्हणायचं नसतं. पान लागलं म्हणायचं. त्या सगळ्या मुलखात हे लहान पोरालाही माहीत होतं. चाचांची घरची भाषा दखनी, पण वीस वर्षं त्या रस्त्यांवर गाडी चालवून त्यांनाही माहीत होतं. मला मात्र माहीत नव्हतं.

"कुठे?" मी ओरडलो. "कुठे चावलाय?"

पाव्हण्यांनी मामांची डावी करंगळी दाखवली. कडेला डास चावल्यासारखे दोन ठिपके. सूज नाही, रक्त नाही. मण्यार असणार. रात्री जमिनीवरून फिरते, अंथरुणात शिरते, आणि तिच्या चाव्याने फारसं दुखतही नाही. हे मी नंतर शिकलो. त्या क्षणी मी पेटीतून ब्लेड काढलं, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. चाचांनी माझं मनगट धरलं.

"काटने का नक्को. वो सब छोड. उठा इसकू."

आम्ही मामांना जीपच्या मागच्या भागात घातलं. मी रबरी नळीने हात बांधला. आता हे सगळंच चूक मानतात, तेव्हा तेच बरोबर होतं. बोरी नदीचं पात्र ओलांडताना जीप दोनदा अडली. पाव्हणे मामांचं डोकं मांडीवर घेऊन बोलत होते, थांबतच नव्हते. "दाजी, आक्काला काय सांगू? दाजी, बैल कुनाला इकला त्ये तरी सांगा. दाजी, झोपायचं न्हाय." मामांच्या पापण्या मिटत होत्या. पाव्हणे त्या बोटांनी वर धरत होते. आतली बुबुळं आमच्याकडे बघत होती. त्यांना सगळं कळत होतं, फक्त काही हलवता येत नव्हतं.

होटगीला रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी येत होती. चाचांनी हॉर्नवर हात दाबून धरला. फाटकवाला ओरडला, "गाडी सिग्नलला आली, मी काय करू?" आणि तेवढ्यात पाव्हणे म्हणाले, "साहेब, दाजी श्वास घेईनात."

छाती हलत नव्हती. मी तोंडातलं पान बोटाने काढून टाकलं, मान मागे केली, नाक दाबलं आणि तोंडाला तोंड लावून हवा भरली. वर्गात आम्ही हे एका बाहुल्यावर केलं होतं. बाहुल्याला वास नव्हता. इथे तंबाखू, चुना, काताचा वास आणि माझंच लिंबू. एक, सोडा. एक, सोडा. गाडीचे डबे धडधडत जात राहिले, संपेनात. फाटक उघडलं, जीप निघाली, मी तोंड उचललं नाही. सोलापूरच्या दवाखान्याच्या दारात दोन वॉर्डबॉयनी मला खांद्याला धरून बाजूला केलं.

आत त्यांना लस दिली, नळी घातली. रबरी फुगा दाबून श्वास द्यायचा होता. तो पाव्हणे आणि मी आळीपाळीने दोन दिवस दाबला. पहिल्या तासातच डॉक्टरांनी विचारलं होतं, "पहाटे चावलाय. मग एवढा वेळ काय केलंत?"

"प्रथमोपचार," मी म्हणालो.

त्यांनी तसं कागदावर लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मामांनी स्वतः श्वास घेतला. आठवड्याने बोलले. मोठ्या साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझी पाठ थोपटली. "पेटीची चेष्टा करत होतात ना? बघा." माझ्या कामाच्या नोंदीत चांगला शेरा लिहिला. ते माझ्याशी फार चांगले वागले. वडिलांनी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, आईने देवाला नारळ वाढवला. त्या दिवसांत मी एका जागी बसू शकत नव्हतो. जेवायला बसलो की उठायचो. ऑफिसात उगाच बाटल्या धूत राहायचो. तो पाऊण तास कोणी मोजला नव्हता. चाचांना माहीत होता, पण ते एकदाही बोलले नाहीत. पाव्हण्यांना वाटत होतं, लिंबाच्या पाण्यात मी काहीतरी औषध घातलं होतं.

शेवटी एका रविवारी मी एस.टी.ने मामांच्या गावी गेलो. ते दारात वाकळेवर बसले होते, गालफडं बसलेली. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. "ह्येच काय त्ये डाक्टर साहेब?" मामी चहा घेऊन आल्या आणि बशी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तुमच्या आवशदानं आमचं माणूस ऱ्हायलं."

मी बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. औषध नव्हतं. लिंबू आणि साखर होती. मला पान म्हणजे खायचं पान वाटलं.

मामा आधी समजलेच नाहीत. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता खोकला आला. "म्हंजी तुमाला वाटलं, मी पान खाऊन मराय लागलो व्हय? आन् पाव्हणं म्हनतंय एक बास हाय!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मामी हसल्या नाहीत. "हसताय काय?" त्या त्यांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "साहेब, कुटं लागलं म्हून इचारायचं की. येवढंच. कुटं म्हून."



"आगं, त्येंनी त्वांडानं वारं भरलं माज्यात," मामा म्हणाले. "असल्या रंगल्या त्वांडाला त्वांड लावलं. तू तरी लावशील का?"

"त्ये बी खरं हाय," मामी म्हणाल्या. "पर ह्ये बी खरं हाय." आणि त्यांनी चहाची बशी उचलून माझ्या हातात परत दिली. मी तो चहा प्यायलो.

दोन महिन्यांनी मामा कामावर आले. तोवर मी झाकणावरचा कागद काढून दुसरा लावला होता. गावोगाव विचारून विचारून त्यावर शब्द लिहीत होतो. सापाला काय म्हणता, विंचवाला काय, घेरीला काय, रक्त पडलं तर काय. कानडीत काय. लोकांना गंमत वाटायची. कागद भरला की मला भीती वाटायची, अजून किती राहिले असतील. खाट मी मामांना देऊ केली. ते म्हणाले, "साहेब, मला त्यावर झोप लागंना." मग आम्ही ऑफिसात मागून आणखी दोन खाटा घेतल्या.

पाव्हण्यांना आता खरी गोष्ट कळली होती आणि जीपमध्ये तिची रोज करमणूक व्हायची. चाचा कुणालाही ठसका लागला की म्हणायचे, "लिंबू निकाल, बाबू, लिंबू." मीही हसायला शिकलो.

मग एक दिवस आम्ही एका पायऱ्यांच्या विहिरीवर होतो. मामा खाली पाण्यापाशी टेप धरून, मी वर बाटल्यांवर आकडे लिहीत. खालून आवाज आला, "साहेब! पान लागलं वोऽ!"

मला पेटी उचललेली आठवत नाही. पायऱ्या आठवत नाहीत. मधल्या एका पायरीवर गुडघा फुटला, तो नंतर कळला. मी मामांसमोर होतो आणि त्यांच्या पायातली वहाण ओढून काढत होतो. "कुठे? कुठे?" वर चाचा आणि पाव्हणे मोठ्याने हसत होते. मामाही हसत होते. मी उजवा पाय बघितला, बोटांच्या मध्ये बघितलं, डावा पाय धरला.

"साहेब, चेष्टा केली," मामा म्हणाले.

मला ऐकू येत होतं, पण हात थांबत नव्हते. मी त्यांची करंगळी उलटी-सुलटी करून बघत होतो.

मामांचं हसणं थांबलं. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, ते थांबेपर्यंत धरून ठेवले. मग माझ्या गुडघ्याचं रक्त बघून, मीच भरलेल्या पेटीतून कापूस काढून त्यांनी तो पुसला. आम्ही दोघे बराच वेळ पाण्याच्या कडेला बसलो.

दुपारी भाकरी खाल्ल्यावर मामांनी कमरेची चंची सोडली. ती रिकामी होती. ते पाव्हण्यांना म्हणाले, "पाव्हणं, येक विडा द्या की."

पाव्हणे क्षणभर बघत राहिले. विडा लग्नात, पूजेत देतात. रोजच्या, शेतात बसून खायच्या पानाला त्या मुलखात कोणी विडा म्हणत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पानाला चुना लावायला घेतला.

त्यानंतर आणखी तीन वर्षं आम्ही त्याच जीपमधून फिरलो. मामा रोज पाच-सहा पानं खायचे. माझ्यासमोर प्रत्येक वेळी त्यांनी विडाच मागितला.